वाळूतील ऊब आणि ओल : पेडणे किनाऱ्यावरील कासवांच्या अंड्यांची निगा

पेडणे तालुक्यातील मोरजी गावाच्या दक्षिण टोकाशी शापोरा नदी समुद्रास मिळते. नदीमुखालगतच्या तेंबवाडा या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या आरंभी वाळूत खांब रोवले जातात, भोवती जाळी ताणली जाते आणि वन खात्याचा फलक उभा राहतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांनी घातलेली अंडी येथे राखली जातात. शेजारच्या मांद्रे किनाऱ्यावर, तसेच दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग येथेही हे कार्य चालते. मोरजी येथे त्याचा आरंभ १९९० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांच्या साहाय्याने झाला. त्यापूर्वी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी उकरून नेली जात असत.

कुंपण पाहणाऱ्या प्रवाशाचा समज असा होतो की, कुत्री, कोल्हे, खेकडे आणि चोर यांच्यापासून अंडी वाचविली म्हणजे काम झाले, उरलेले काम सूर्य करील. हा समज अर्धाच खरा आहे. कासवाची मादी अंड्यांवर बसत नाही. ती वाळूत खड्डा करते, त्यात अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. अंडी उबविण्याचे काम तापलेली वाळू करते हे खरे. परंतु केवळ उष्णतेने पिल्ले जन्मत नाहीत. उष्णतेच्या जोडीला नेमकी ओल लागते. ती कमी पडली तर अंडी सुकतात आणि अधिक झाली तर गुदमरतात. चोरापासून वाचविलेली अंडी ओलीच्या चुकीने गमावण्याचा धोका कुंपणात नेहमीच असतो, आणि तो नैसर्गिक घरट्यापेक्षा मोठा असतो. किनाऱ्यावर विखुरलेली घरटी एकाच दिवशी बिघडत नाहीत. कुंपणात मात्र सबंध हंगामाची घरटी काही चौरस मीटर वाळूत एकवटलेली असतात.

कोंबडीचे अंडे आणि कासवाचे अंडे

कोंबडीच्या अंड्याचे कवच कठीण असते. आत बलकाबरोबर पुरेसे पाणी साठवलेले असते आणि उबवणीच्या एकवीस दिवसांत अंडे त्यातील काही पाणी बाहेर टाकते. कुक्कुटपालन करणाऱ्यांस ठाऊक आहे की, उबविलेल्या अंड्याचे वजन घटत जावे लागते.

सागरी कासवाच्या अंड्याचा हिशेब उलट आहे. टेबल टेनिसच्या चेंडूएवढ्या या अंड्याचे कवच मऊ, चर्मपत्रासारखे असते व बोटाने दाबले असता दबते. या कवचातून हवा आत-बाहेर होते आणि पाणीही होते. भोवतालची वाळू ओलसर असेल तर अंडे पाणी शोषून घेते, टपोरे व घट्ट होते आणि आतील गर्भाला बलकाचा पुरेपूर उपयोग करून घेता येतो. वाळू कोरडी असेल तर तेच कवच पाणी बाहेर जाऊ देते. अंड्यावर खळगा पडतो आणि गर्भ लहान राहतो किंवा मरतो. बहुतेक सर्प व सरडे यांची अंडी याच प्रकारची आहेत. घरातील पाल हा त्यांतील एक अपवाद होय. तिचे अंडे कठीण कवचाचे असल्यामुळे ते भिंतीच्या कोरड्या फटीतही टिकते.

ऑलिव्ह रिडले मादी एका वेळी साधारणतः शंभर ते सव्वाशे अंडी घालते. घरटे सुरईच्या आकाराचे, वर अरुंद व खाली फुगीर असते आणि त्याची खोली सुमारे दीड फूट भरते. वरची काही बोटे वाळू दुपारी पायाला चटके देते, पण दीड फुटावर ती हाताला गार व ओलसर लागते. पावसाळ्यात मुरलेले पाणी कणांच्या फटींतून तेथे धरून राहते. जागा पसंत करताना मादी बहुधा यावरच अवलंबून असते. वाळू फार कोरडी असली की खणताच खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि पुष्कळदा मादी अंडी न घालताच परत फिरते. सकाळी किनाऱ्यावर केवळ येण्याजाण्याच्या खुणा दिसाव्या आणि घरटे सापडू नये, हा अनुभव राखणदारांस नवा नाही.

रोयण, पाचोळा आणि मातेची वेटोळी

ही गोष्ट केवळ समुद्रकिनाऱ्यापुरती नाही. पेडण्याहून आत डिचोलीकडे गेले की जांभ्या दगडाचे सडे, कुळागरे आणि वारुळे लागतात. या प्रदेशात वारुळाला रोयण म्हणतात व सातेरी देवीचे रूप मानून त्याची पूजा होते. घोरपड अनेकदा याच वारुळात अंडी घालते. वाळवीने बांधलेल्या मातीच्या भिंतींआड उष्णता फारशी चढत-उतरत नाही आणि ओल टिकून राहते. बाहेर सडा उन्हाने भाजत असला तरी वारुळाच्या पोटात दमट ऊब असते. ज्या ठिकाणी लोकांनी पिढ्यान्पिढ्या कुदळ लावली नाही, ते ठिकाण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांसाठीही उत्तम ठरावे, हा योगायोग सुखद आहे.

धामण कुजत्या पाचोळ्याखाली किंवा बिळात अंडी घालते. पाचोळा कुजताना उष्णता निर्माण होते आणि ओलही टिकते. अजगराची मादी याहूनही पुढे जाते. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून आठवडेच्या आठवडे बसते, गारठा पडला की स्नायूंचे आकुंचन करून अंगात ऊब आणते आणि अंड्यांतील ओलही वेटोळ्यांच्या आवरणाने राखते. पद्धती वेगवेगळ्या असल्या तरी ऊब व ओल या दोहोंची एकत्र सोय लावणे हा सर्वांचा हेतू होय.

कुळागरात पाचोळा उपसताना किंवा घराचा पाया खणताना अशी अंडी सापडतात. ती उचलून खोक्यात ठेवावी व खोक्यावर विजेचा दिवा लावावा, असे काही उत्साही मंडळी करतात. त्यात प्रथम ओल जाते आणि मग अंडी जातात. सापडलेली अंडी शक्यतो तशीच झाकून ठेवावी व वन खात्यास कळवावे, हे श्रेयस्कर.

उष्णता वाढली की ओल का घटते

येथे एक साधे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे. हवा जितकी उष्ण, तितकी वाफ धरण्याची तिची ताकद अधिक. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल आणि तीच हवा, पाण्याचा थेंबही न वाढवता, ३० अंशांपर्यंत तापविली, तर आर्द्रता सुमारे ३३ टक्क्यांवर उतरते. हवेतील पाणी तितकेच राहिले, परंतु तिची तहान बरीच वाढली. ही तहान ती जवळच्या ओल्या वस्तूंतून भागविते. माती, लाकूड, कातडी, अंडे, जे सापडेल त्यातून ती पाणी ओढते.

प्राणिसंग्रहालयात थंडीच्या दिवसांत सापांच्या पिंजऱ्याला ऊब द्यावी लागते, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. दिवा लावला की तापमान साधते आणि हवा कोरडी होते. अशा हवेत सापाची कात एकसंध उतरत नाही. तिचे तुकडे अंगाला चिकटून राहतात, डोळ्यांवरील पारदर्शक पापुद्रा सुटत नाही आणि साप अन्न टाकतो. म्हणून जाणते रक्षक ऊब पिंजऱ्याच्या एका बाजूस देतात आणि दुसरी बाजू गार राखतात. पाण्याचे पसरट भांडे व ओलसर शेवाळ घातलेला एक आडोसा ठेवतात, आणि वाफ कोंडून बुरशी येऊ नये म्हणून वायुवीजनाची वाट मोकळी ठेवतात. ओल अधिक झाली तर पोटाकडील खवल्यांवर फोड येतात, हेही त्यांस ठाऊक असते. घरी काचेच्या पेटीत दिवा लावून भारतीय जातीची कासवे किंवा साप ठेवणे हा मात्र केवळ अज्ञानाचा प्रकार नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो.

मोरजीच्या वाळूत दिवा नाही, पण सूर्य आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कासवांचा विणीचा काळ त्यानंतरचा, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असा आहे. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात. मतलई वारे कोरडे असतात. डिसेंबरात पहाटे पडणारे दव वरच्या वाळूची तूट थोडी भरून काढते. फेब्रुवारी उलटला की दव विरळ होते व ऊन कडक होते, आणि कोरडा थर दिवसेंदिवस खाली सरकत जातो. हंगामाच्या आरंभी चार बोटांवर लागणारी ओल अखेरीस किती खाली गेली आहे, हे खड्डा खणल्याखेरीज कळत नाही. मार्चमधील घरट्याला डिसेंबरमधील घरट्याप्रमाणे वागवणे म्हणूनच चुकीचे ठरते.

नर की मादी

ओल व उष्णता यांचा आणखी एक परिणाम आहे. तो बाहेरून दिसत नाही, परंतु दूरगामी आहे. सागरी कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे घातले जाते तेव्हा ठरलेले नसते. उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळात वाळूचे तापमान किती राहते, यावर ते ठरते. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत साधारणतः २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान नर व मादी समसमान जन्मतात. त्याखाली नर अधिक व त्यावर माद्या अधिक होतात. तापमान ३४-३५ अंशांवर चढून तेथेच राहिले तर गर्भच दगावू लागतात. सरपटणाऱ्या प्राण्यांतील हा प्रकार प्रथम १९६६ साली माडलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने एका आफ्रिकी सरड्यात नोंदविला. मगरींमध्येही तो आढळतो.

ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा सावकाश तापते. शिवाय तिच्यातील पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. मातीच्या माठातील पाणी गार होते ते याच कारणाने. तेव्हा ओल राखणे म्हणजे अंड्याला पाणी पुरविणे एवढेच नसून तापमानाला लगाम घालणेही होय.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरियर रीफवरील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे त्यात आढळले. गोव्याचे किनारे त्या स्थितीस पोहोचले आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या, तेव्हा वाळूतील घरट्यांना दुपारी सुटी घेता आली नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

अंडी हलविताना

घरटे जेथे आहे तेथेच राखणे ही सर्वांत उत्तम पद्धत. ते भरतीच्या पट्ट्यात असेल, वर्दळीच्या जागी असेल किंवा राखण शक्य नसेल, तरच अंडी कुंपणात हलविली जातात. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भ मरतो. म्हणून हलविण्याचे काम त्याच रात्री किंवा पहाटे, ऊन चढण्यापूर्वी उरकावे लागते. अंडे जसे निघाले तसेच, न फिरविता ठेवावे लागते. टोपलीच्या तळाशी त्याच घरट्यातील ओलसर वाळू घालतात आणि वर तीच वाळू पसरतात. कोरडी वाळू घातली तर वाटेतच ती अंड्यातील पाणी ओढू लागते.

नवा खड्डा मूळ घरट्याच्या मापाचा व त्याच आकाराचा असावा लागतो. उथळ खड्ड्यात अंडी तापतात व वाळतात. फार खोल खड्ड्यात ती गारठतात व हवा कमी पडते. दोन घरट्यांत सुमारे एक मीटर अंतर ठेवतात. त्यामागे जागेची शिस्त एवढाच हेतू नाही. वाढते गर्भ स्वतः उष्णता निर्माण करतात आणि उबवणीच्या शेवटच्या भागात घरट्याचा मध्य भोवतालच्या वाळूपेक्षा काही अंशांनी अधिक तापतो. घरटी दाटीने केली तर ती एकमेकांना तापवितात आणि मधली ओल दोन्हीकडून शोषली जाते.

ओल पाहण्याची एक जुनी रीत आहे व ती कोणत्याही यंत्रावाचून साधते. अंडी ज्या खोलीवर ठेवावयाची तेथील मूठभर वाळू घ्यावी आणि दाबावी. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला, तळहात किंचित ओला झाला पण बोटांच्या फटींतून पाणी निघाले नाही, तर वाळू योग्य. लाडू लगेच विखुरला तर ती कोरडी, आणि पाणी गळले तर चिखल. तापमापकाची गरज यामुळे संपत नाही. अंडी नसलेला एक खड्डा घरट्याइतकाच खोल खणून त्यात तापमापक ठेवला तर वाळूचा कल रोज नोंदविता येतो. परंतु यंत्र बिघडले असता हाताला येत असलेली परीक्षा उपयोगी पडते, आणि किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत यंत्रे बिघडतातच.

नोंदवही हेही एक यंत्रच आहे. घरटे केल्याच्या दिवसापासून पिल्ले वर येईपर्यंतचे दिवस मोजले की वाळूची ऊब कळते. उबवण साधारणतः ४५ ते ६० दिवस चालते. दिवस कमी लागले तर वाळू अधिक उष्ण होती आणि अधिक लागले तर गार होती, असे समजावे.

सावली आणि पाणी

वाळू फार तापू लागली तर पहिला उपाय सावलीचा. माडाच्या चुडतांचा मांडव उंचावर घातला असता खालची वाळू एक-दोन अंशांनी उतरते व बाष्पीभवन मंदावते. मांडव जमिनीलगत नसावा. त्याखालून वारा खेळला पाहिजे, अन्यथा वाफ कोंडते व बुरशीला आमंत्रण मिळते. सगळे कुंपण गडद सावलीत घेण्याचीही घाई करू नये. सावलीचा अतिरेक झाला तर उबवण लांबते. अर्धी घरटी सावलीत व अर्धी उन्हात असावीत, आणि कडक ऊन सुरू झाल्यावर सावली वाढवीत न्यावी, हे धोरण शहाणपणाचे दिसते. किनाऱ्यावरील सुरूची झाडे आयती सावली देतात. परंतु त्यांची मुळे ओलीच्या शोधात घरट्यापर्यंत पोहोचतात व अंड्यांना विळखा घालतात. मर्यादवेलीचेही तसेच. ती वाळू धरून ठेवते, म्हणून किनाऱ्याला ती हवीच, मात्र कुंपणातील घरट्यांच्या ओळीत नको.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि अपघात अधिक होतात ते यातच. पाणी गोडे असले पाहिजे. समुद्र दहा पावलांवर आहे म्हणून खाऱ्या पाण्याची बादली आणून ओतणे घातक होय. पाणी उडून जाते, मीठ वाळूत मागे राहते आणि पुढे तेच मीठ अंड्यातील पाणी ओढून घेते. गोडे पाणीही ओतू नये, झारीने शिंपडावे. ते सकाळी लवकर अथवा सूर्यास्तानंतर, घरट्याच्या माथ्यावर न टाकता भोवतालच्या वाळूवर शिंपडावे. वरची दोन बोटे भिजवून थांबणे निरुपयोगी आहे, कारण ते पाणी तासाभरात उडून जाते. थोडे थोडे, सलग काही दिवस दिलेले पाणी खाली मुरते. पिल्ले फुटण्याचे दिवस जवळ आले की शिंपण थांबवावे. पाणी देण्याचा निर्णय मुठीची व तापमापकाची नोंद पाहून घ्यावा. बाहेर आपल्याला उकडते म्हणून घरट्याला पाणी द्यावे, हा युक्तिवाद प्रेमाचा असला तरी शास्त्राचा नव्हे.

पाणी अधिक झाले तर

कोरडेपणाची भीती सर्वांना कळते, अतिओलीची कळत नाही. अंड्यातील गर्भ श्वास घेतो. वाळूच्या कणांमधील फटींतून प्राणवायू आत येतो व कर्बवायू बाहेर जातो. या फटी पाण्याने भरल्या की ही देवघेव थांबते. गर्भ मोठा झालेला असतो तेव्हा, म्हणजे अखेरच्या पंधरवड्यात, प्राणवायूची गरज सर्वाधिक असते आणि नुकसानही तेव्हाच सर्वाधिक होते. ऑस्ट्रेलियातील रेन बेटावर हिरव्या कासवांची असंख्य घरटी पाण्याखाली जात असल्याने २०१४ पासून किनाऱ्यावरील वाळू यंत्रांनी उंच करण्याचे काम हाती घेण्यात आले.

पेडण्याच्या किनाऱ्याला याचा इशारा डिसेंबर २०१७ मध्ये मिळाला. ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून जात असता समुद्र उधाणला आणि मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यांवरील पर्यटकांसाठी उभारलेल्या झोपड्यांत पाणी शिरले. वादळ दूरवरून जात असले तरी उधाण जवळ येते. कुंपणाची जागा म्हणूनच भरतीच्या रेषेपासून पुरेशी वर, किंचित उंचवट्यावर निवडावी लागते. तीही इतकी वर नको की वाळूत माती मिसळलेली असेल, कारण माती पाणी धरून ठेवते व निचरा होऊ देत नाही. अवकाळी पाऊस झालाच तर मांडवावर ताडपत्री टाकून मुख्य सर अडवावी व कुंपणाभोवती चर खणून पाणी काढून द्यावे. पाऊस ओसरताच ताडपत्री काढावी. ती तशीच राहिली तर पावसाने न झालेले नुकसान ताडपत्री करते.

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी

कुंपणापाशी येणाऱ्यांच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. घरट्यावरून चालल्याने वाळू दाबली जाते व तिच्यातील हवेच्या वाटा बंद होतात, एवढे कळले तरी पुरे. किनाऱ्यावर ताजे घरटे किंवा मादीच्या खुणा दिसल्यास त्यावर काही न टाकता, काठी न खुपसता, वन खात्याच्या राखणदारास सांगावे. ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी गोळा करणे अथवा बाळगणे यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. रात्री किनाऱ्यावरील दिवे मंद ठेवण्याची विनंती केली जाते, तिचे कारण वेगळे आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात.

घरटे उघडल्यावर

पिल्ले अंड्यातून बाहेर आली तरी लगेच वर येत नाहीत. दोन-चार दिवस ती एकमेकांच्या हालचालीने वाळू खाली पाडीत वर सरकतात आणि वरचा थर थंड झाल्यावर, बहुधा रात्री, एकदम बाहेर पडतात. वाळू तापलेली असेल तर ती थोड्या खोलीवर थांबून राहतात. त्यांना समुद्रात सोडल्यावर काही दिवसांनी घरटे उघडून उरलेल्या अंड्यांची पाहणी करण्यात येते. हे काम दुर्गंधीचे व कंटाळवाणे असल्याने टाळण्याकडे कल असतो. तो योग्य नव्हे, कारण हंगामात काय चुकले हे येथेच कळते. कवच आत बसलेले, चिंबलेले व बलक घट्ट झालेला असेल तर ओल कमी पडली असे मानण्यास जागा असते. कवच फुगलेले, आत पूर्ण वाढलेले पिल्लू पण मृत, आणि अशी अंडी घरट्याच्या तळाशी असतील, तर पाणी साचल्याचा संशय घ्यावा. तळाची अंडी चांगली आणि माथ्याकडील सुकलेली असतील तर खड्डा उथळ झाला होता किंवा सावली उशिरा घातली गेली. काहीच वाढ न झालेली अंडी फलित नसतील, अथवा हलविताना उलटली असतील. प्रत्येक प्रकारची संख्या, घरट्याचा क्रमांक व कुंपणातील जागा यांसह नोंदवहीत लिहिली म्हणजे पुढील वर्षी कोणत्या कोपऱ्यात मांडव लवकर घालावा हे ठरविता येते.

उघडलेल्या घरट्यातील कवचे व कुजलेली अंडी दूर नेऊन पुरतात, कारण त्यांवर बुरशी व माशांच्या अळ्या वाढतात आणि त्या शेजारच्या घरट्यात जातात. शेवटचे घरटे रिकामे झाले की जाळी गुंडाळली जाते, खांब उपटले जातात. त्याच वाळूत पुढील वर्षी घरटी करीत नाहीत. जागा काही मीटर बाजूला सरकविली जाते किंवा वाळू बदलली जाते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की शापोऱ्याच्या मुखाशी समुद्र चढतो व किनाऱ्याची वाळू हलवू लागतो. सप्टेंबरनंतर तो ओसरतो, तेव्हा मुठीत लाडू होईल अशी वाळू कोठे आहे, हे पाहत राखणदार पुन्हा किनारा चालू लागतात.